आठशे रुपयांची काळी मशीन आणि दीडशे कॅनव्हास पिशव्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मागे जी काळी मशीन दिसतेय ना, ती माझी नाही. ओगलेवाडीच्या एका ताईंची आहे. त्यांच्या सासूबाईंच्या लग्नातली. ती भंगारात जाता जाता वाचली, आणि भाव ठरला होता ८०० रुपये. भंगारवाला दारात उभा होता आणि ताईंनी मला फोन लावला, "मॅडम, देऊन टाकू का?" मी म्हटलं, आधी हँडव्हील हाताने फिरवून बघा, फिरतंय का. त्या म्हणाल्या, फिरतंय पण जड. म्हटलं, मग त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता हे सगळं का चाललं होतं, तर ताईंना पहिली मोठी ऑर्डर आली होती. कराडमधल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला १५० कॅनव्हासच्या पिशव्या हव्या होत्या, तीन आठवड्यांत. २०१८ साली आपल्याकडे प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीचं काम घरोघरी गेलं, हे तुम्ही बघताच आहात. पण साधी कापडी पिशवी वेगळी आणि पाच किलो गूळ पेलणारी कॅनव्हासची पिशवी वेगळी. ताईंना कुणीतरी सांगितलं, "घरच्या मशीनवर कॅनव्हास होत नाही, पॉवर मशीन घ्या." म्हणजे ज्याला आपण सगळे सरसकट 'जुकी' म्हणतो ती. टेबल-मोटरसकट कोटेशन आलं २६ हजार. बचत गटातून कर्ज काढायचं ठरलं, जागा करायला जुनी मशीन काढायची ठरली. फॉर्मसुद्धा भरून झाला होता.

मी दुकानात बसून पाठीमागच्या कागदावर हिशोब केला. एका पिशवीमागे ताईंच्या हातात सुटणार होते ४० रुपये. २६ हजार भागिले ४०, म्हणजे ६५० पिशव्या. नुसती मशीन फेडायला ६५० पिशव्या शिवायच्या, व्याज वेगळं, आणि हातात ऑर्डर आहे १५० ची. पुढची ऑर्डर येईलच, हे कुणी लिहून दिलंय? बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होते, पण दुकानात बसल्यावर तो विषय बरोबर आठवतो.

तर आजचा विषय हाच. आपल्या आज्यांच्या काळातली काळी, लोखंडी, पायाची मशीन जाड कापडाला चालते का? चालते. पण कुठपर्यंत चालते आणि कशी चालवायची, ते नीट समजून घ्या. कारण याच विषयात मी एकदा चांगलीच तोंडावर आपटलेय, ते पण सांगते.

ही मशीन जाड कापड खाते कशी?

आपल्या घरात ज्या काळ्या मशीन आहेत, मग त्यावर सिंगर लिहिलेलं असो, उषा असो, मेरिट असो नाहीतर लुधियानाचं कुठलं नाव असो, त्यातल्या बहुतेक एकाच घराण्यातल्या आहेत. सिंगरचा '१५ क्लास' नावाचा एक साचा होता, त्यावरून पुढे जगभर मशीन निघाल्या. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा सुरू झाली. म्हणूनच आजही या मशीनचं बॉबिन, बॉबिन केस, सुई कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते. हा फायदा लहान समजू नका. सुंदर परदेशी मशीन घ्यायची आणि एका बॉबिन केससाठी महिनाभर थांबायचं, असं करून बसलेले लोक मला माहिती आहेत.

तिची ताकद तीन गोष्टींत आहे. अंग बिडाचं, त्यामुळे जाड कापडावर सुई आपटली तरी मशीन हलत नाही, वाकत नाही. आतले दांडे-चाकं सगळी धातूची, नायलॉनचा दात घासून गेला असला प्रकार नाही. आणि ती फक्त सरळ टीप मारते. झिगझॅग नाही, म्हणून खालच्या प्लेटला सुईपुरतं एकच बारीक भोक असतं. आजच्या घरगुती झिगझॅग मशीनच्या प्लेटला आडवी फट असते. जाड कापड सुईबरोबर त्या फटीत खाली ढकललं जातं आणि टाका चुकतो. छोट्या भोकात कापडाला खाली जायला जागाच नाही.

आणि चौथी गोष्ट, जी कुणी सांगत नाही: खालचं मोठं चाक. पायडल मारताना ते चाक एकदा फिरायला लागलं की त्याचं वजनच सुईला कापडातून पार नेतं. पायाने तुम्ही एक-एक टाका मोजून मारू शकता. छोट्या मोटरचं तसं नसतं. ती जोरात फिरताना ठीक असते, पण हळू चालवली की जोर मरतो. आणि जाड कापड तर हळूच शिवायचं असतं! मग आपण काय करतो, मोटर अडली की पाय अजून दाबतो, ती एकदम सुटते आणि सुई तुटते.

इथेच मी आपटले होते. दुकान सुरू करून वर्ष झालं नव्हतं. आजीच्या मशीनला मी हौसेने मोटर बसवली. एका शाळेच्या कार्यक्रमासाठी ६० पिशव्यांचं काम घेतलं होतं. पट्ट्याच्या जोडावर मोटर अडली, मी पाय दाबला, कट्ट! सुईचं टोक तुटून शटलमध्ये गेलं. मी शहाणपणा केला, नवी सुई लावली आणि तशीच पुढे चालू ठेवली. आत तुकडा फिरत होता, शटलच्या टोकाला चरे पडले, आणि तिथून पुढे दर पाच-सहा टाक्यांमागे एक टाका गाळला जायला लागला. मला ते दिसलंच नाही, कारण वरून टीप बरी दिसत होती. पिशव्या गेल्या, वजन टाकल्यावर पट्टे उसवले, ३८ पिशव्या परत आल्या. आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि कापड माझ्या अंगावर पडलं. ते कापड अजून दुकानाच्या माळ्यावर आहे. सुई तुटली की सगळे तुकडे जुळवून पूर्ण सुई झाली का बघायचं, मगच पुढची लावायची, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगते, त्याचं कारण हे.

मशीन उघडल्यावर

ताईंची मशीन मी स्वतः जाऊन बघितली. वर्षानुवर्षं कुणीतरी तिला खोबरेल तेल घालत होतं. घराघरात हेच होतं. खोबरेल किंवा खायचं तेल सुरुवातीला छान वाटतं, मग ते चिकट होतं, वाळतं आणि मशीन जड होते. लोकांना वाटतं मशीन गंजली. गंजलेली नसते, तिच्या सांध्यांत तेलाचा गोंद झालेला असतो.

यावर उपाय असा: तेल घालायच्या प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे रॉकेलचे दोन-दोन थेंब (रॉकेल नसेल तर कारागिराकडचं क्लीनिंगचं तेल), आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी हँडव्हील हाताने पुढे-मागे हलवायचं, जबरदस्ती नाही. काळं पाणी बाहेर येतं ते पुसायचं. असं दोनदा-तीनदा. मग मशीनचंच पातळ पांढरं तेल. मशीन मागे उलटवून खालच्या भागालाही तेल द्यायला विसरू नका, तिथे कुणी बघतच नाही. दात्यांच्या मधे कापसाचा नमदा बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. ताईंच्या मशीनमधून मी एक मणी, दोन टाचण्या आणि १० पैशाचं नाणं काढलं. नाणं सासूबाईंनी ठेवून घेतलं.

कारागिराकडून जे करून घेतलं त्याचा खर्च असा झाला: शटल आणि बॉबिन केस ३५०, चामड्याचा पट्टा १५०, सुया आणि तेल १५०, मजुरी ८००. एकूण १,४५०. हे आमच्या गावचे दर, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल.

जुनी मशीन विकत घ्यायची असेल तर रंग, सोनेरी वेलबुट्टी, लाकडाची पॉलिश याला भुलू नका. सुईचा दांडा बोटात धरून डावी-उजवीकडे हलवा, लडबडत असेल तर सोडून द्या. शटलच्या टोकावर नख फिरवा, खरखर लागली तर नवीन शटलचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. स्वतःचा जाड कापडाचा तुकडा खिशात घेऊन जा आणि चार घड्या करून तिथेच शिवून बघा. विकणारा म्हणाला "आत्ता दोरा नाहीये", तर दोराही तुमच्याच खिशात असू दे.

सिंगर असेल तर पायथ्याशी नंबर असतो. वाय या अक्षराने किंवा ई पासून सुरू होणाऱ्या दोन अक्षरांनी तो सुरू होत असेल तर ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. हा कारखाना १८८५ ला सुरू झाला आणि १९८० ला बंद पडला. ऐकायला भारी वाटतं, पण म्हणून ती मशीन लाखाची होत नाही! २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली होती की जुन्या सिंगरमध्ये 'रेड मर्क्युरी' नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, आणि लोकांनी वाट्टेल त्या किमतीला मशीन घेतल्या. आत लोखंड आणि तेलाशिवाय काही नसतं. तरीही माझ्या दुकानात अजून कुणीतरी येऊन हळूच विचारतं, "मॅडम, हिच्यात ते आहे का?"

कॅनव्हास, डेनिम, रेक्झिन: सेटिंग

सगळ्यात आधी सुई. ब्लाउजला वापरता ती १४ किंवा १६ नंबरची सुई कॅनव्हासला घालू नका, १८ नंबर घ्या. त्याहून जाड सुई या मशीनला लावायचा मोह टाळा, कारण शटलचं टोक आणि सुई यांच्यातलं अंतर केसाएवढं असतं, जाड सुई तिथे घासते. सुईची चपटी बाजू शटलकडे आणि लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला, हे एकदा बघून घ्या. निम्म्या "बिघडलेल्या" मशीन माझ्या दुकानात सुई उलटी लावल्यामुळे येतात. आणि पन्नासेक पिशव्या झाल्या की सुई बदला. सुई तीन-चार रुपयांची, कॅनव्हास मीटरला १५० रुपये. बोथट सुई वाचवून काय मिळवणार?

दोरा स्पन पॉलिस्टरचा. दोऱ्याचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड, हे लक्षात असू दे. नेहमीचा ४० चा दोरा कॅनव्हासला चालतो. अजून जाड हवा असेल तर फक्त वर जाड घाला, बॉबिनमध्ये नेहमीचाच ठेवा. पादत्राणं शिवायचा जाड नायलॉन दोरा मात्र या मशीनच्या टेन्शनच्या चकत्यांमधून धड जात नाही. तो नाद सोडा.

टाका लांब ठेवा. जुन्या मशीनवर जे आकडे असतात ते बऱ्याचदा 'एका इंचात किती टाके' असे असतात. म्हणजे आकडा कमी तर टाका मोठा. नवीन मशीनवर मिलिमीटर असतात, तिथे उलटं. जाड कापडाला इंचाला ८ टाके, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, हे माझं ठरलेलं माप. बारीक टाके घातले की शिवण मजबूत होते असं वाटतं, पण कॅनव्हासमध्ये आणि त्याहून जास्त रेक्झिनमध्ये ती भोकांची रांग होते, आणि वजन आलं की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच फाटतं.

टेन्शन वरच्या दोऱ्याचं थोडं वाढवावं लागतं, कारण दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध बसायला हवी. खालून वेटोळी दिसली तर बॉबिनला दोष देऊ नका, वरचा दोरा चकत्यांमध्ये नीट बसलाय का ते आधी बघा. बसलेला नसतो. फूट वर असताना दोरा ओवा म्हणजे चकत्या उघड्या असतात.

फुटाच्या दांड्यावर एक स्क्रू असतो, दाब कमी-जास्त करायचा. जाड आणि फुगीर कापडाला, उदाहरणार्थ गोधडीला, तो दोन-तीन वेढे सैल करा, नाहीतर वरचा थर पुढे आणि खालचा मागे असा सरकतो. रेक्झिनला फूट चिकटतो. तिथे शिवणीवर पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून काढा.

आता जोडाची जागा. जीन्सच्या पायाची घडी घालताना बाजूच्या शिवणीवर उंचवटा येतो ना, तिथेच टाका गळतो. का, तर फुटाचं नाक वर चढतं, टाच खाली राहते, फूट तिरका होतो आणि कापड नीट दाबलं जात नाही. उंचवट्याआधी थांबा, सुई कापडात खाली ठेवा, फूट उचला, टाचेखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, फूट परत खाली घ्या. फूट सपाट बसला की मशीन मुकाट्याने पुढे जाते. तो उंचवटा आधी लाकडी पाटावर ठेवून हातोडीने ठोकून घ्या. शेजारचे काय म्हणतील ते म्हणू देत. आणि ते चार-पाच टाके पायाने नाही, हँडव्हील हाताने फिरवून घ्या. हाताला कळतं की सुई जातेय की वाकतेय. पायाला कळत नाही.

मशीनपेक्षा पॅटर्न बदलला

ताईंचं खरं दुखणं पट्टा होता. त्यांनी नमुना केला होता तो असा: कॅनव्हासची ३ इंची पट्टी, दोन्हीकडून आत आणि परत मधोमध घडी, म्हणजे चार थर. तो पट्टा पिशवीच्या वरच्या दुमडीत खुपसून वर वळवलेला, म्हणजे चार आणि चार आठ, अधिक दुमडीचे तीन. अकरा थर! कुठल्याही घरच्या मशीनवर हे म्हणजे बैलाला डोंगरावर नांगर ओढायला लावण्यासारखं. माझा स्वतःचा साधा नियम आहे: फूट पूर्ण उचलल्यावर खाली जेवढी जागा होते, कापड दाबून त्याच्या निम्म्यापेक्षा जाड होत असेल तर काम मशीनचं नाही, डिझाइनचं चुकलंय.

आम्ही पट्ट्याला सुती नवार घेतली. नवारीचे वळवून दोन थर आणि दुमडीचे तीन, झाले पाच. मशीनने हूं की चूं केलं नाही. व्यापाऱ्याला तोच नमुना दाखवला, त्याने ५ किलोच्या दोन ढेपा टाकून दुकानभर फिरवला आणि होकार दिला.

खर्चाचं गणित तुमच्यासाठी जसंच्या तसं देते. पिशवी १४ बाय १६ इंच. पन्हा ५८ इंच, पिशवीचा तुकडा १५ बाय ३६, खाली शिवण नाही, अखंड घडी. मीटरमध्ये तीन पिशव्या बसतात आणि १३ इंची पट्टी उरते, तिचे छोटे पाऊच होतात. कॅनव्हास ५०, नवार १०, दोरा-सुई-गाडीभाडं ५, एकूण ६५. विक्री १०५. सुटले ४०. कापणं, इस्त्री, शिवणं धरून एका पिशवीला २५ मिनिटं लागली. १५० पिशव्यांना ६२ तासांच्या वर. रोज चार तास बसून सोळा दिवसांत काम संपलं. ६,००० सुटले, त्यातून दुरुस्तीचे १,४५० गेले, ४,५५० हातात. ताशी हिशोब केला तर ९६ रुपये. फार नाहीत, हे मान्य. पण डोक्यावर हप्ता नाही.

गंमत म्हणजे हप्त्याची पद्धत घरोघरी रुजवण्यात शिलाई मशीनवाल्यांचा मोठा हात! सिंगरने १८५६ मध्ये अमेरिकेत हप्त्यावर मशीन विकायला सुरुवात केली, कारण रोख पैसे देऊन घेणं सामान्य घराला जमत नव्हतं. हप्ता वाईट नसतो. हातात काम किती आहे हे न मोजता काढलेला हप्ता वाईट.

जुन्या मशीनला काय जमत नाही तेही सांगून टाकते, नाहीतर उद्या तुम्ही मला फोन कराल. खरं चामडं, सोफ्याचं जाड रेक्झिन दुहेरी-तिहेरी, ट्रकची ताडपत्री, नवारीवर नवार चार पदरी हे काम तिच्याकडून घेऊ नका. एखादी वस्तू होईल, शंभर होणार नाहीत, आणि मशीनचं टायमिंग जाईल. रोज सहा-सात तास तेच काम असेल आणि सलग तीन-चार महिने ऑर्डर येत असेल, तर पॉवर मशीन घ्याच. तेव्हा ती खर्च नाही. आणि जुन्या मशीनला आधीपासून मोटर लावलेली असेल तर वायर बघा. जुनी वायर वाकवल्यावर वरचं आवरण तडकत असेल तर ती बदलल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

ताईंना दिवाळीआधी त्याच व्यापाऱ्याची ३०० ची ऑर्डर आली. त्यातल्या १०० पिशव्या त्यांनी शेजारणीला दिल्या, तिच्याकडेही माळ्यावर अशीच एक मशीन निघाली. बचत गटाचा फॉर्म अजून कपाटात आहे. मार्चपर्यंत काम असंच राहिलं तर भरू म्हणतात.

कॅनव्हास कापायचा आणि नवार बसवायचा पूर्ण व्हिडिओ चॅनेलवर आहे, बघून घ्या. ज्यांना स्वतःची मशीन दाखवायची आहे त्यांनी दुकानात येताना फक्त बॉबिन केस, एक वापरलेली सुई आणि शिवलेल्या जाड कापडाचा तुकडा आणा. टीप बघून मला निम्मं कळतं. अख्खी मशीन आणू नका. मागच्या महिन्यात एका काकांनी स्टँडसकट रिक्षात घालून आणली, उतरवायला समोरच्या हॉटेलातून दोन माणसं बोलवावी लागली, आणि सुई उलटी लावलेली होती.